पार्कर ऐकायचा तर सॅक्सोफोन बाजूला ठेवा

मित्रमंडळींत अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची रेकॉर्ड लावली की कुणीतरी हमखास विचारतं, "वेग कळला हो, पण या माणसाचं आज काय उरलंय? त्याच्यासारखं वाजवतं कोण?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं उत्तर जरा तिरकं आहे. पार्करचा प्रभाव बघायला सॅक्सोफोनवाल्यांकडे आधी जाऊच नका. ते बिचारे त्याच्या ओझ्याखाली दबले. सनी स्टिट इतका त्याच्या वळणाचा वाजवायचा की तुलना टाळायला त्याने अल्टो (पार्करचा सॅक्सोफोन) खाली ठेवून त्याहून खर्जातला टेनर सॅक्सोफोन हातात घेतला. बेसवादक चार्ल्स मिंगसने तर एका रचनेचं नावच असं ठेवलं, की पार्कर बंदूकबाज असता तर नकलाकारांचे ढिगाने मुडदे पडले असते. डीन बेनेडेट्टी नावाचा एक सॅक्सोफोनवाला १९४७-४८ मध्ये रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन क्लबात जायचा. पार्करचा सोलो, म्हणजे त्याचं एकट्याचं वादन, संपलं की यंत्र बंद. बाकीचे वादक जणू स्टेजवर नव्हतेच! पुढे सत्तरच्या दशकात सुपरसॅक्स नावाचा गट पार्करचे सोलो पाच सॅक्सोफोनांवर जसेच्या तसे वाजवू लागला. त्यांना ग्रॅमी मिळालं. सफाई अफाट आहे, पण मला दोन ट्रॅकनंतर जांभई येते.

मग त्याने मागे ठेवलं काय? एक छोटीशी जागा बघू. सी हा षड्ज धरा आणि त्याच्या मेजर कॉर्डमधल्या (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे सूर, इथे सा-ग-प) शुद्ध गंधारावर यायचंय असं समजा. पार्कर सरळ येत नाही. आधी वरचा मध्यम, मग खालचा कोमल गंधार, आणि मग शुद्ध गंधार, तोही नेमका ठोक्यावर. आपल्याकडे दोन गंधार जवळ आले की लगेच जोग किंवा जयजयवंतीचं नाव निघतं. इथे हा सगळा मामला दीड मात्रेत आटोपतो. बाहेरचे सूर ठोक्याच्या अलीकडे, कॉर्डमधला सूर ठोक्यावर. हे सतत चालू राहिलं की मागे पियानो नसला तरी कॉर्ड कुठे बदलली ते नुसत्या चालीवरून कळतं. त्यात त्याची सुरांची वाक्यं बऱ्याचदा दोन ठोक्यांच्या मध्ये सुरू होतात आणि मध्येच कुठेतरी संपतात. वेग यानंतरची गोष्ट.

आणि हे शिकायला सॅक्सोफोन लागत नाही. बड पॉवेलने ते पियानोवर नेलं: उजव्या हाताने पार्करसारखी लांबलचक वाक्यं, डाव्या हाताने मध्येच एखादा तुटक कॉर्ड. पियानोवादकांच्या पुढच्या पिढ्या त्याच वाटेने गेल्या. किंग प्लेझर या गायकाने १९५३ मध्ये पार्करच्या 'पार्कर्स मूड'वर सुरागणिक शब्द बसवून ते गायलं.

पण मला विचाराल तर खरा पुरावा १९७६ चा आहे. बेस गिटारवादक जेको पास्टोरियसच्या स्वतःच्या नावाच्या पहिल्या अल्बमची सुरुवातच 'डोना ली'ने होते. ही चाल पार्करच्या नावावर आहे (त्याचा साथीदार ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस म्हणायचा, ती माझी) आणि ती 'इंडियाना' या जुन्या लोकप्रिय गाण्याच्या कॉर्डवर बेतलेली. जेकोने ती फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बेसवर वाजवली, साथीला फक्त डॉन अलायसचे कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. पियानो नाही, ड्रमसेट नाही, आणि पार्करचा तो धारदार आवाज तर नाहीच. तरी प्रत्येक कॉर्ड स्वच्छ ऐकू येते. पार्कर जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

त्याचा दुसराही एक प्रभाव पडला, तो न सांगता पुढे जाणं बरं नाही. हेरॉइन. त्याला स्वतःला त्याचं व्यसन होतं. असं वाजवायला ते लागतंच, असा समज कित्येक तरुण वादकांनी करून घेतला. पार्करला ते अजिबात पसंत नव्हतं. जानेवारी १९५३ मध्ये माइल्सच्या एका रेकॉर्डिंगला पार्कर आणि तरुण सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स दोघेही टेनर घेऊन हजर होते. पार्करने रॉलिन्सला विचारलं, सुटलास ना यातून? तो हो म्हणाला. ते खोटं होतं, आणि थोड्या वेळाने पार्करला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलंच. त्याचा पडलेला चेहरा रॉलिन्सने पुढे अनेक मुलाखतींत सांगितला आहे. रॉलिन्सच्या मनाने घेतलं आणि तो अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात जाऊन व्यसनातून बाहेर पडला. आपण सुटलो हे त्याला पार्करला दाखवायचं होतं, पण त्याआधीच, १२ मार्च १९५५ ला, पार्कर गेला. वय ३४. हाच रॉलिन्स साठच्या दशकाच्या शेवटी पवईच्या आश्रमात येऊन राहिला आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवून गेला. त्याचं वाजवणं पार्करसारखं नाही. एखादा तुकडा धरून तो उलटसुलट करत राहतो. मला वाटतं, पार्करकडून सर्वांत जास्त तोच घेऊन गेला.

सुरुवात कशाने करायची, हा पुढचा प्रश्न येतोच. पार्करच्या 'को-को' या अतिवेगवान रचनेने करू नका, दमछाक होईल. २६ नोव्हेंबर १९४५ ला 'को-को' ज्या बैठकीत रेकॉर्ड झालं, त्याच बैठकीतलं 'नाउज द टाइम' घ्या. बारा बारचा, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा तुकड्यांचा, साधा ब्लूज आहे, लय आवाक्यातली. पार्करचा सोलो गुणगुणता येईपर्यंत ऐका, आणि मग जेको लावा.