कुरणातल्या मातीचा कर्ब मोजताना अडलेलं वर्ष

बर्फरेषेखालच्या कुरणात माती काढायला फार त्रास झाला नाही. वरून उघडे, षटकोनी पारदर्शक चेंबर दोन उन्हाळे लावून ठेवले होते. त्यांच्या आत बाहेरपेक्षा अंश-दीड अंश जास्त ऊब. या उबेने मातीतला कर्ब, म्हणजे कार्बन, वाढतो की घटतो ते पाहायचं होतं. आतली आणि बाहेरची, दोन्हीकडची वरची १० सेंटिमीटर माती काढली, पिशव्या भरल्या आणि खाली आलो.

अडलं ते प्रयोगशाळेत. फॉर्मवर ‘चुनखडी आहे का?’ असा एक रकाना होता. मला माहीत नव्हतं, म्हणून तो रिकामा सोडला. घेणाऱ्यानेही विचारलं नाही. दर सोमवारी फोन केला की ‘रांगेत आहे’ एवढंच उत्तर. अकराव्या आठवड्यात निरोप आला: फॉर्म अपुरा आहे, नमुने परत घेऊन जा. एका रकान्यासाठी अकरा आठवडे! तेव्हाचा संताप अजून गेलेला नाही.

पिशव्या उघडल्या तर प्लास्टिकला आतून घाम सुटलेला आणि ढेकळांवर पांढरी बुरशी. ओली माती बंद पिशवीत, खोलीच्या उबेत पडून होती. जिवाणू कर्ब खात होते आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जात होता. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचा श्वास साधारण दुप्पट होतो. आणि मी ज्या फरकाच्या मागे होतो तो मुळातच बारीक. उबेने कुजणं वाढतं, पण गवतही जास्त दिवस वाढतं आणि मुळांवाटे मातीत कर्ब घालतं. या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत काय उरतं, ते मला हवं होतं. ते नमुने फेकले. कुरण तोवर बर्फाखाली गेलं होतं, म्हणून पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहिली.

दुसऱ्या खेपेला माती त्याच दिवशी कागदावर पातळ पसरून सावलीत वाळवली. चुनखडीचं उत्तर तर मिनिटात मिळतं: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसलं तर आहे. मग आम्लाने ती काढूनच नमुना कर्ब मोजणाऱ्या यंत्रात जाळावा लागतो, नाहीतर यंत्र चुन्यातला कर्बही सेंद्रिय कर्बात धरतं.

मुळ्यांचं सांगायचं राहिलं. या मातीत केसासारख्या मुळ्यांचं जाळं असतं. दोन मिलिमीटरच्या चाळणीतूनही त्या निसटतात. चिमट्याने वेचा. १०० ग्रॅम मातीत एक ग्रॅम मुळ्या राहिल्या तरी कर्ब जवळजवळ ०.४ टक्क्याने फुगतो. आणि ठरावीक मापाचं धातूचं कडं मातीत ठोकून तिची घनता मोजाच, तीही तिथेच. ६ टक्के कर्ब, घनता घनसेंटिमीटरला ०.८ ग्रॅम, खोली १० सेंटिमीटर: चौरस मीटरला ४.८ किलो. घनता नसेल तर नुसत्या टक्क्यांवरून साठा निघत नाही. दगड असतील तर त्यांचा वाटा वजा करा.

अखेर आकडे आले. आतल्या-बाहेरच्या मातीतल्या फरकापेक्षा दोन हातांवरच्या दोन जागांतला फरक मोठा निघाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कोलोराडोतल्या गॉथिकजवळच्या कुरणावर १९९१ पासून वरून हीटर लावून वर्षानुवर्षं मोजमाप केलं गेलं, माझे तर तीनच उन्हाळे झालेत. चेंबर तिथेच ठेवलेत. पुढची माती पाचव्या उन्हाळ्यात काढणार आहे, आणि आम्लाची बाटली सोबत वर नेणार आहे.