हळदीचा हात आणि लोणारचं पाणी

लोणारला येणारे बहुतेक जण वरच्या कठड्यापाशी उभे राहतात, पाठ सरोवराकडे करून फोटो काढतात आणि गाडीत बसतात. वरून दिसतं ते भारीच आहे, वाद नाही. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद असा जवळजवळ गोल खड्डा, उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी. पण माझं ऐकाल तर खाली उतरा, आणि उतरायचं तर धारेकडून.

धार म्हणजे वरच्या काठावरचा गोमुखाचा झरा. बाया-माणसं तिथे अंघोळी करत होती, कुंडाच्या पायऱ्यांवर ओले कपडे वाळत होते. "उन्हाळ्यातबी अशीच पडते, भाऊ," नारळवाला आपणहून म्हणाला. पाणी चवीला अगदी गोड. इथलं पाणी शेवटी खालीच जातं, आणि खाली गेलं की पिण्याच्या लायकीचं राहत नाही. सरोवरात पाणी यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. उन्हाने वाफ होते ती पाण्याची, क्षार तिथेच मुरतात. शतकानुशतकं हे चाललंय. पूर्वी इथून मीठ आणि खार काढायचे, आईन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे.

उतरणीला सीताफळं, साग, मधूनच मोरांचं ओरडणं. वानरं तर पिशवीकडे बघूनच बसलेली असतात. सरोवराच्या काठाने देवळं विखुरलेली आहेत. काहींच्या शिखरांत झाडं उगवलीत, गाभाऱ्यात पाय टाकला की वटवाघळांचा उग्र वास नाकात शिरतो. इथली कोरीव कामं बघताना हळहळ वाटते. एवढे सुबक खांब आणि शेजारी वेफर्सची रिकामी पाकिटं.

मावशीला मात्र कमळजा देवी गाठायची होती. गुडघे धरत, मला टोकत टोकत ती पोचली. ओटी भरली, हळद-कुंकू वाहिलं आणि हळदीने माखलेली बोटं धुवायला पाण्याशी वाकली. पुढच्याच क्षणी ओरडली, "अरे, हे बघ काय झालं!" पिवळी बोटं तांबडीलाल झाली होती.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, पण हा प्रयोग इतका झकास मला वर्गात कधी जमलेला नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसंच हे. इथल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. मी सगळं समजावून सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं, बोटं पुन्हा एकदा न्याहाळली आणि म्हणाली, "असेल तुझं ते सामू-बिमू. देवीने कुंकू दिलंय, मी काही हात धुवत नाही." आणि खरंच धुतले नाहीत.

जून २०२० मध्ये हेच सरोवर गुलाबी झालं होतं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं विचारू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा उत्तर निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. उलट गोडं पाणी जास्त आलं तर क्षार पातळ होतात, आणि या पाण्यालाच सरावलेल्या जीवांची पंचाईत होते. म्हणून धारेचं कौतुक करताना मला थोडी धास्तीही वाटते.

हा खड्डा ज्वालामुखीचा, असं बरीच वर्षं मानत. आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारा मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ इथल्या खडकात सापडला आणि उल्केवर शिक्कामोर्तब झालं. वयाबद्दल मात्र अजून वाद आहे. कुणी बावन्न हजार वर्षं म्हणतं, कुणी पावणेसहा लाखांच्या घरात. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, उल्केने पाडलेली अशी विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत, आणि चंद्रावरही हा खडक आहे, त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारेही इथे येतात.

मोठा मारुती आम्ही धावतपळत केला. दैत्यसूदनाचं देऊळ मात्र सावकाश बघा. ते खाली विवरात नाही, गावात आहे. पायथ्यापासून भिंत इतक्या कोनांत दुमडत जाते की तारकाकृती म्हणजे काय हे प्रदक्षिणा घालतानाच कळतं. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ. आत गेल्यावर मान वर करा, छतावर नरसिंह वगैरे प्रसंग कोरलेत. आत अंधार असतो, बॅटरी हवीच. मोबाइलच्या उजेडात निम्मं दिसत नाही. आणि विवरातून चढून आल्यावर पाय बोलायला लागतात, तेव्हा हे देऊळ सकाळीच उरकून मग खाली उतरलेलं बरं.