बेचाळीसातून सतरा

शाळेच्या भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकात सगळे वार एकाच मापाचे असतात. सोमवारचा रकाना जेवढा रुंद तेवढाच गुरुवारचा. लाल-निळ्या शाईनं आखलेलं, खाली मुख्याध्यापिकेची सही. तपासणीला साहेब आले की आधी तेच बघतात. पण दुसरीचा वर्ग ज्यानं सांभाळलाय त्याला विचारा, वार असे सारखे नसतात. सोमवार तर अर्धाच असतो. पहिला सगळा वेळ रविवार सांगण्यात जातो. कोण महाराजबागेत गेलं, कोण मामाकडे उमरेडला, कोणाच्या घरी पाहुणे आले आणि जाताना हातावर किती ठेवून गेले. हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय पाढ्यांना हात घालावा, तर पाढे पुढे सरकत नाहीत. मंगळवारी वर्ग जरा जागेवर येतो. शुक्रवारी सगळे दमलेले, त्यात मॅडमही आल्या. आणि शनिवार सकाळचा. 2024 पासून सरकारनं त्याला 'आनंददायी शनिवार' केलंय, म्हणजे दप्तर आणायचं नाही. सरकारी कागदावरच्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, ही मात्र पटली. तरीही सवयीनं दप्तर घेऊन येणारे चार-दोन असतातच. उघडून पाहिलं तर आत डबा, बाटली आणि घरातला बिघडलेला रिमोट.

वारांची नावं पाठ करून घेणं नागपुरात तसं सोपं, कारण ती गावभर पसरलेली आहेत. सोमवारी क्वार्टर, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, इतवारी. जुन्या आठवडी बाजारांची ही नावं. काही बाजार पांगले, नावं तिथंच राहिली. "मॅडम, आम्ही शुक्रवारीत राहतो, पण आज तर सोमवार आहे न?" हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. इतवारीतून येणारी एक मुलगी तर तोऱ्यात सांगायची, "आमच्याकडे रोजच इतवार राहते." मग एकानं विचारलं, गुरुवारी कुठं आहे? वर्गात कोणालाच सांगता आलं नाही.

आणि माझा आपला अनुभव असा, की आठवडाभर डोकं आपटलेली गोष्ट मुलांना समजते ती गुरुवारी. रविवारी काय विसरलं ते सोमवार-मंगळवारी कळतं, बुधवारी नव्यानं चुका होतात, गुरुवारी कुठंतरी खटका बसतो. याला शास्त्राचा आधार द्यायला मी जाणार नाही.

आता वजाबाकीच घ्या. फळ्यावर उभी मांडायची, वर बेचाळीस, खाली सतरा. वर्ग एका सुरात उत्तर देतो, पस्तीस! सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. बाहेरच्या माणसाला वाटेल मुलं धांदरट आहेत. मुळीच नाही. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे आपणच त्यांना पढवलेलं असतं. सात मोठे, दोन लहान. मग सात वर असोत की खाली, त्यांना काय फरक पडतो? मूल आज्ञाधारक असेल तेवढं पस्तीस पक्कं.

पुस्तकात यावर उपाय आहे, दशक सुटा करणे. दहा काड्यांचा गठ्ठा, त्याला रबर. गठ्ठा सोडायचा, दहा काड्या एककाच्या घरात न्यायच्या. सांगायला छान. प्रत्यक्षात रबर निघाल्याबरोबर दशक सुटा व्हायच्या आधी रबरच सुटतो, आणि पुढच्या बाकावरच्याच्या मानेवर बसतो. मग "मॅडम, हा मले मारून राहिला" सुरू होतं, आणि एककाच्या घरात नेमक्या किती काड्या उरल्या हे कोणालाच माहीत नसतं.

त्यात आपल्या संख्यांची नावं. एकोणचाळीस म्हटलं की निम्मा वर्ग 49 लिहितो, कारण कानावर चाळीस पडलं आणि नऊ कुठूनतरी आले. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं तेवीसला 'वीस तीन' असंही म्हणायची सोय दिली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत टिंगल गेली. समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. जुनी नावं काढूनही टाकली नव्हती, दोन्ही रीती दिल्या होत्या. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत अडखळणारं सात वर्षांचं पोर समोर बसवून पाहिलं होतं, कोण जाणे. वर्गात मी दोन्ही वापरते. बेचाळीस म्हणजे चाळीस दोन, हे एकदा कानात बसलं की चार दशक दिसायला लागतात.

2024 सालच्या सप्टेंबरमधला एक आठवडा मला नीट आठवतो, कारण त्याचं वेळापत्रक असं काही उरलंच नव्हतं. सोमवारी पोळा, मंगळवारी तान्हा पोळा आणि मारबत, गुरुवारी शिक्षक दिन, शुक्रवारी हरतालिका, शनिवारी गणपती. पहिले दोन दिवस सणातच गेले. मारबत म्हणजे रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं गावाबाहेर नेतात तो पुतळा. तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांच्या काळापासून चालत आलाय असं सांगतात. लाकडी नंदी सजवायचा, दोरी धरून घरोघर ओढत न्यायचा आणि बोजारा घ्यायचा. बोजारा म्हणजे नंदी दाराशी आला की हातावर ठेवतात ते पैसे, किंवा खाऊ.

बुधवारी शाळा भरली ती मारबतीच्या अंगात आल्यासारखीच. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघते, तिच्यामागं फिरून घसा बसलेले पाच-सहा जण वर्गात होते. मधल्या सुट्टीत खिचडीच्या ताटल्या धुवून झाल्यावर त्यांनी खडूच्या रिकाम्या खोक्याला दोन हात चिकटवले आणि व्हरांड्यातून मिरवणूक काढली. "रोगराई घेऊन जा गे मारबत! गृहपाठ घेऊन जा गे मारबत!" मागून एक बारीक आवाज आला, "वजाबाकी घेऊन जा गे मारबत!" मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या दिवशी गणिताला मी पुन्हा बेचाळीसातून सतरा फळ्यावर लिहिलं, पुन्हा पस्तीस आलं, घंटा झाली आणि फळा पुसायचा राहून गेला.

गुरुवारी शिक्षक दिन. आमच्याकडे त्या दिवशी चौथीची मुलं मास्तर-मॅडम होतात. दुसरीवर आली ती आईची साडी नेसून, खांद्यावर चार पिना, हातात माझीच पट्टी. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. आल्या आल्या तिनं "हाताची घडी, तोंडावर बोट" केलं. मॅडम म्हणजे काय याची तिची कल्पना इथंच संपत असावी, कारण पुढं काय करायचं हे तिला सुचेना. मग तिचं लक्ष फळ्याकडे गेलं. बेचाळीस, खाली सतरा, खाली पस्तीस.

"हे चूक आहे," ती म्हणाली. थोडा विचार केला आणि विचारलं, "बोजारा किती जमला बे तुमचा?"

वर्ग उसळला. कोणाचे साठ, कोणाचे एकशे दहा. एकाच्या काकांनी बोजारा पप्पांच्या फोनवर टाकला होता, तो धरायचा की नाही यावर भांडण लागलं. "फोनवरचा नाही धरत," मॅडमनी निकाल दिला. आणि पहिल्या बाकावरच्याला उभं केलं.

"तुह्याजवळ बेचाळीस रुपये आहेत. दहाच्या चार नोटा अन् दोनाचं एक नाणं. मी सतरा मागून राहिली. कशी देशील?"

"एक नोट देईन."

"दहा झाले. वरचे सात?"

"दोनच आहेत."

"मग?"

त्यानं हातातल्या नसलेल्या नोटांकडे पाहिलं. "नोट मोडा लागते."

"कुठून?"

"किराण्यातून. पण तो सुट्टे नाही म्हणते, चॉकलेट देते."

चॉकलेटाची वजाबाकी कशी करायची यात काही क्षण गेले. पण तोवर दुसऱ्या-तिसऱ्या बाकावरच्या चार-पाच जणांचे चेहरे बदललेले मला मागून, नुसत्या मानांच्या हालचालीवरूनही कळले. मॅडमनी चारावर काट मारली, तीन लिहिले, दोनाच्या डोक्यावर बारा लिहिले. "मोडली नोट. आता दे सात." पाच! "अन् तीन नोटांतून एक मघा दिली." दोन! पंचवीस.

दशक सुटा करणे हे मी कधीपासून सांगत होते. नोट मोडणं त्यांना शाळेत यायच्या आधीपासून येत होतं. त्या काड्या मी आता चित्रकलेच्या तासाला देऊन टाकल्या आहेत, त्यांची झोपडी छान होते. खेळातल्या नोटा मात्र कपाटात कुलपात ठेवाव्या लागतात, कारण त्यांना मधल्या सुट्टीत बाहेरही भाव आहे.

शुक्रवारी हरतालिका. निम्म्या मॅडम उपाशी, त्यामुळे कोणी कोणावर ओरडत नव्हतं. मी चिठ्ठीवर पाच वजाबाक्या दिल्या. बहुतेकांचं जमलं. पोळ्यात सगळ्यात जास्त हिंडलेला, घसा बसलेला एक जण मात्र पस्तिसावर ठाम होता. नोट मोडायची विसरलास का, म्हटलं.

"माह्याजवळ नोटच नव्हती मॅडम. सगळे सुट्टेच मिळाले."

आणि खरंच, त्यानं दप्तरातून रुमालाची गाठ काढली. रुपयाची नाणी होती, ढीगभर. बेचाळीस मोजून बाजूला ठेव म्हटलं. ठेवली. सतरा मला दे. एकेक करत दिली. उरलेली मोजताना तो मधेच थांबला, पहिल्यापासून मोजली, मग वहीकडे पाहिलं, मग नाण्यांकडे.

"वहीत पस्तीस येते अन् हातात पंचवीस. कोणतं लिहू?"

हातातलं लिही, म्हटलं. त्यानं लिहिलं. पण त्याआधी माझ्या टेबलावरची सतरा नाणी परत मागून घेतली.