झोंगरीची ठेंगणी ऱ्होडोडेंड्रॉन: फुले नसताना ओळख आणि फेदांगची वाट

एप्रिलअखेर सिक्कीममधील झोंगरीचे पठार ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी झाकलेले असते, असे सांगून पायथ्याच्या युकसम गावच्या एका मध्यस्थाने आमच्याकडून वनस्पतींची माहिती असलेल्या वाटाड्याचे वेगळे पैसे घेतले. त्याचे म्हणणे वाटेवरच्या छोका वस्तीभोवतीच्या उंच गुरांसांपुरते (ऱ्होडोडेंड्रॉनचे स्थानिक नाव) खरे आहे. परंतु सुमारे ४,००० मीटरवरची ठेंगणी झुडपे मेअखेरीनंतर फुलतात, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्यावर फक्त मिटलेल्या कळ्या होत्या. वाटाड्या प्रत्येक झुडपाला सुनपातीच म्हणत होता; खरे तर हे एकाच सुगंधी ठेंगण्या जातीचे नाव आहे. त्याच्या ज्ञानासाठी जादा रक्कम मुळीच देऊ नये. त्या पैशात दहापट मोठे दाखवणारे चांगले भिंग येते.

झोंगरीच्या वाटेवरचा छोका ते फेदांग हा टप्पा मात्र कोणी नीट सांगत नाही. चिखलावर टाकलेले ओंडके पावसाने बुळबुळीत होतात, सामानाच्या जनावरांनी मधली माती खणून काढलेली असते, आणि उतरताना काठीचे टोक ओंडक्यावरून निसटते. दुपारनंतर तेथे पाऊस अपेक्षितच धरावा आणि फेदांग सकाळीच ओलांडावे. माझ्या गुडघ्यांचे मत विचाराल तर हा टप्पा झोंगरीच्या चढापेक्षा वाईट आहे.

आता पानांकडे वळू. राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडण्यास मनाई आहे, म्हणून पान फांदीवरच उलटे करून पाहावे, आणि तेही गेल्या वर्षीचे, कारण ओळख पटते ती पानाखालच्या बारीक खवल्यांवरून, आणि कोवळ्या पानावरील खवले फिकट असतात व दिशाभूल करतात. खरी सुनपाती म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची अँथोपोगॉन ही जाती. तिचे पान साधारण दोन ते चार सेंटिमीटरचे असून ते हलके चोळताच उग्र सुगंध येतो आणि खालची बाजू गडद तपकिरी, मखमलीसारखी दिसते. भिंगातून मात्र ती मखमल नसून कडा फाटलेल्या खवल्यांचे थरावर थर आहेत, हे कळते. वाऱ्याने खुरटलेल्या कॅम्पॅन्युलाटम या मोठ्या जातीच्या पानाखालीही तपकिरी अस्तर असते, पण ते केसांचे असते, पान बरेच मोठे असते आणि त्याला तसा वास नसतो.

सेटोसम ही ठेंगणी जाती त्यामानाने सोपे प्रकरण आहे, कारण कोवळ्या डहाळीवर आणि पानाच्या कडेला राठ केस उभे दिसतात. लेपिडोटमच्या पानाखाली फिकट खवले एकमेकांवर चढलेले असतात. ही जाती काश्मीरपासून युन्नानपर्यंत पसरलेली व फार बदलती असल्याने पानाच्या आकारावर विसंबू नये. निवाले या जातीचे पान बहुधा सेंटिमीटरभराहूनही लहान असते आणि खालच्या फिकट सोनेरी खवल्यांत मधूनमधून गडद तपकिरी खवले विखुरलेले दिसतात. त्यासाठी झोंगरीच्याही वर शोध घ्यावा लागतो.

संकरांविषयी आमच्या वाटाड्याचे ठाम मत होते की एक विशिष्ट झुडूप मोठ्या गुरांसाचा आणि सुनपातीचा संकर आहे. खवले असलेल्या (सुनपातीसारख्या) आणि नसलेल्या (मोठ्या गुरांसासारख्या) ऱ्होडोडेंड्रॉनांचा संकर बागेत मुद्दाम करू गेले तरी क्वचितच साधतो, त्यामुळे हा दावा तेथेच सोडून द्यावा. खवलेवाल्यांतही संकर म्हणण्यापूर्वी दोन्ही पालक जवळपास आहेत का, आणि खवले, राठ केस, पानाचे आकारमान या सर्वच बाबतींत झुडूप दोन्ही पालकांच्या मधले आहे का, हे पाहावे; एकाच मधल्या पानावरून निकाल देणे निरर्थक आहे. मधल्या लक्षणांची दोन-चार झुडपे मलाही दिसली, ती वहीत अनिर्णित म्हणूनच नोंदली आहेत.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४९च्या जानेवारीत बर्फातल्या झोंगरीला आला होता. उंच खिंडींतील डोकेदुखी स्थानिक लोक सेटोसम आणि अँथोपोगॉनच्या वासावर ढकलतात, असे त्याने नोंदवले आहे. डोके दुखू लागल्यास झुडपांना दोष न देता खाली उतरावे, आणि ओळख पटवण्याच्या उत्साहात पान चावून मुळीच पाहू नये, कारण या कुळातील अनेक जाती विषारी आहेत.

फुलेच हवी असतील तर जूनमध्ये जावे. मात्र तेव्हा वाटेच्या खालच्या भागातील साचेनच्या जंगलात जळवा असतात आणि ओंडक्यांची वाट आम्हाला मिळाली त्याहून वाईट असणार. पानांवर समाधान असेल तर ऑक्टोबर सर्वांत बरा: आकाश मोकळे, वाट बरीच कोरडी आणि खवले पूर्ण रंगावर आलेले.