पैठणचा रविवार

काल आईला घेऊन पैठणला जाऊन आलो, संभाजीनगरहून जेमतेम पन्नास किलोमीटर, पण इतकी वर्षं नुसतं जाऊ जाऊ म्हणतच राहिलेलो. आई संत एकनाथांच्या समाधीपाशी बराच वेळ डोळे मिटून बसली आणि मी घाटावर गेलो. तिथली वाळू बघून नाथांची गोष्टच आठवली, उन्हात तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं लेकरू त्यांनी कडेवर उचलून घरी पोचवलं म्हणतात, ते पण सोळाव्या शतकात, त्याच पैठणात जिथे ब्रह्मवृंदाचा शब्द शेवटचा मानायचे! केवढी हिंमत लागली असेल राव.

आणि त्याच्याही दीड हजार वर्षं आधी हेच पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इथून बैलगाड्या भरून माल भडोचच्या बंदरात जायचा, वीस दिवसांचा रस्ता, ग्रीक व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलंय. आज गावात फिरताना हे कुठेच लिहिलेलं दिसत नाही, खूप वाईट वाटलं.

मग हातमाग बघितला. खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी सुलट्यासारखाच दिसतो, विणणाऱ्या ताईंनी उलटून दाखवला, आई हात फिरवतच राहिली.

येताना जायकवाडीवर थांबलो. सत्तावीस दरवाजे, 1976 पासून उभं धरण, समोर नाथसागर नजर पोचेल तिथपर्यंत. आमच्या नळाला येतं ते हेच पाणी. आईने तिथूनच हात जोडले, मी पण जोडले.