क्लचवायर

परवा दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात जरा जास्तच झाला होता, डोळे मिटायला लागलेले, तेवढ्यात भावोजी आले म्हणून त्यांच्या गाडीला जागा करायला उठलो आणि रिव्हर्स टाकताना असा खर्रर्र आवाज झाला की शेजारच्या काकू पडवीतून बाहेर आल्या.

गाडी बाबांची, मारुती ८००, १९९७ची, कार्बोरेटरवाली. पुढचे चारही गिअर गप पडतात, ओरडतो फक्त रिव्हर्स. तसं बरोबरच आहे म्हणा, पुढच्यांना सिंक्रो, म्हणजे गिअर अडकण्याआधी वेग जुळवून देणारी कडी, असतो, क्लच पुरता सुटला नाही तरी ते सांभाळून घेतात, रिव्हर्सला ती सोय नाही, त्यामुळे चुगली तोच करणार.

बॉनेट उघडलं तर पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या क्लचवायरच्या टोकाचं रबर फाटलेलं, आत गंज. खारा वारा आणि वर चार महिने पाऊस, आमच्याकडे खिळासुद्धा दोन वर्षांत म्हातारा होतो.

वायर तुटलेली मात्र मी एकदाच बघितलीये. सहावीत होतो, लांज्याचं लग्न आटपून येताना पालीजवळ पेडल धप्पकन खाली गेलं ते वर आलंच नाही. आई म्हणाली, "अहो, आता?" बाबा म्हणाले, "आता काय, चालवायची." पहिला गिअर टाकूनच सेल्फ मारला, गाडीने बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि निघाली, मग अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल सोडायचा, इंजिनचा आवाज ऐकायचा आणि बरोबर वेळ साधून दुसरा, तिसरा. हातखंब्याच्या तिठ्यावर थांबायला लागू नये म्हणून आई गाऱ्हाणं घालत होती, तिठा मोकळा मिळाला पण पुढे म्हैस आडवी आली. परत बेडूक. रत्नागिरीपर्यंत वीसेक किलोमीटर आलो असे, आणि ती तुटकी वायर मग कितीतरी वर्षं आमच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, बांधलेली होती.

बाबांचं एक खूळ होतं, पेडल कुरकुरलं की खोबरेल सोडायचे, डोक्याला लावून उरलेलं. गॅरेजवाला वैतागायचा, "अण्णा, धूळ धरते, ग्रीस लावा हो." अण्णा कशाला ऐकतायत.

तर नवी वायर घातली. जुना नट रॉकेल पिऊनसुद्धा हलेना, अर्धा तास त्यातच गेला. पेडलला थोडा प्ले, म्हणजे मोकळी चाल, ठेवला, अगदी ताणून बसवली की बेअरिंग उगाच घासत राहतं आणि प्लेट सरकायला लागते. रिव्हर्स आता गुपचूप पडतो. कुरकुर आहे तशीच आहे, ती वायरची नव्हतीच, पेडलच्या बुशची आहे. ग्रीसचा डबा घरात आहे. बघू.

जुनी वायर गुंडाळून पडवीत खिळ्याला अडकवत होतो तर बायको म्हणाली, "ही कशाला आता?"

"बेड्याला बांधायला होईल."

बेडं काढून लोखंडी गेट लावलं त्याला बारा वर्षं झाली.