रत्नागिरीत डाकतिकिटांचं प्रदर्शन पाहताना

कोकणकन्या भल्या पहाटे रत्नागिरीला सोडते. स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे आणि प्रदर्शनाचा हॉल काही दहाच्या आत उघडत नाही. मधल्या वेळात मांडवीच्या जेट्टीवर जाऊन यायचं असेल तर ते सकाळीच उरकावं. संध्याकाळी पिशवीत नवी तिकिटं असतात, आणि खाऱ्या, दमट वाऱ्याइतका तिकिटाच्या डिंकाचा दुसरा वैरी नाही.

प्रदर्शनाची बातमी वर्तमानपत्रात येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे टपाल खात्याच्या गोवा रीजनमध्ये मोडतात, त्यामुळे विशेष लिफाफ्यांची, म्हणजे एखाद्या प्रसंगासाठी टपाल खातं काढतं त्या छापील पाकिटांची, सूत्रं पणजीहून हलतात. रायगडचं टपाल मात्र नवी मुंबई रीजनकडे. मुख्य टपाल कार्यालयात फिलाटेलीचं, म्हणजे तिकीट-संग्रहाचं, काम पाहणाऱ्यांना आधीच विचारून ठेवावं: विशेष लिफाफे कोणत्या दिवशी, कोणत्या विषयावर, आणि शिक्का किती वाजेपर्यंत मिळणार?

पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, बोथट टोकाचा चिमटा, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी, तिकिटं खोचून ठेवायचं छोटं स्टॉकबुक, पेन्सिल, दोन जाड पुठ्ठे, काही कोरी पाकिटं आणि सुटे पैसे असावेत. पेन नको. शाईचा एक थेंब पाकिटावर पडला की ते पाकीट गेलंच.

हॉलमध्ये शिरल्यावर गर्दी जिथे खेचते तिथे जाऊ नये. ती बहुधा ‘माय स्टँप’च्या टेबलाशी असते. आपला फोटो छापलेला बारा तिकिटांचा ताव मुलांना हवाच असतो, तो जेवणानंतरही मिळतो. सकाळचं उजेडाचं, शांततेचं तासभर फ्रेम्ससाठी, म्हणजे संग्रहाची पानं लावलेल्या फलकांसाठी, राखावं. एका फ्रेममध्ये साधारण सोळा पानं असतात, चार ओळी, प्रत्येकीत चार. डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ वाचत जायचं. पहिलं पान सर्वांत महत्त्वाचं: संग्राहकाला काय सांगायचंय, कुठून कुठवर जायचंय, ते तिथे लिहिलेलं असतं. ते न वाचता पुढे गेलं की उरतात नुसती रंगीत चित्रं. आधी पहिलं पान, मग शेवटचं, मग मधली पानं, असं पाहिलं की मांडणी कुठे सैल पडली ते लगेच कळतं. परीक्षकही आशय, अभ्यास, दुर्मिळता, तिकिटांची अवस्था आणि मांडणी हेच पाहतात.

आमच्या मते कोकणातल्या प्रदर्शनात सर्वांत जास्त वेळ टपाल-इतिहासाच्या फ्रेमपुढे द्यावा. तिथे तिकिटापेक्षा शिक्का बोलतो. मालवण, वेंगुर्ला, दापोली कॅम्प, हर्णै असे जुने शिक्के असलेलं पाकीट दिसलं की पुढच्या बाजूची निघाल्याची तारीख आणि पाठीमागची पोचल्याची तारीख जुळवून पाहा. किनाऱ्यावरच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. त्यामुळे जून ते सप्टेंबरमधलं पाकीट आणि जानेवारीतलं पाकीट यांच्या तारखांत किती अंतर पडतं, हे शेजारी शेजारी तपासण्याजोगं आहे. पाठ दिसत नसेल तर संग्राहकाने तिची छायाप्रत लावली आहे का ते पाहा. नसेल तर त्यालाच विचारा. असा प्रश्न विचारलेला संग्राहकांना फार आवडतो.

गोव्याचा संग्रह लागला असेल तर १८७१ ते १८७७ या काळातली पाकिटं शोधा. पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं १८७१ची. त्या वर्षांत गोव्यातून ब्रिटिश हद्दीत जाणाऱ्या पत्रांवर दोन्ही टपालांची तिकिटं एकत्र लागलेली सापडतात. एका पाकिटावर दोन राजवटी. अशा वस्तूपुढे पाच मिनिटं थांबावं.

एक जोडी भिंगाखाली नीट पाहण्यासारखी आहे. लोकमान्य टिळकांच्या जन्मशताब्दीचं तिकीट २३ जुलै १९५६चं, किंमत दोन आणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं तिकीट १८ एप्रिल १९५८चं, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, ते हयात असताना निघालेलं. किंमत १५ नये पैसे. एक रत्नागिरीत जन्मलेले, दुसरे खेड तालुक्यातल्या शेरवलीचे. दोन तिकिटांमध्ये १ एप्रिल १९५७ आला, दशमान नाणी आली आणि तिकिटावरचा आणा गेला. मुलांना देशाचा इतिहास दाखवायला यापेक्षा छोटी जागा मिळणार नाही.

आता टपालाचं काउंटर. विशेष शिक्का स्वतःच्या पाकिटावर हवा असेल तर पत्राच्या दराइतकं तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात चिकटवावं, डावीकडे शिक्क्यापुरती जागा मोकळी सोडावी आणि पाकिटात एक कोरं कार्ड सरकवावं. आत कार्ड नसेल तर मऊ कागदावर शिक्का दबतो आणि अर्धा उमटतो. शिक्का पडल्यावर पाकीट लगेच पिशवीत टाकू नका. इथल्या हवेत शाई वाळायला वेळ लागतो; दहा मिनिटं उघडं ठेवा, मग बटर पेपर लावून पुठ्ठ्यात घाला. घाई केली की शाई दुसऱ्या पाकिटाच्या पाठीवर उमटते.

‘मॅक्झिमम कार्ड’ करायचं तर तिकिटाच्या विषयाचंच चित्र असलेलं पोस्टकार्ड घ्या, तिकीट चित्राच्या बाजूला लावा आणि त्या विषयाशी नातं असलेल्या गावचा शिक्का मिळवा. १९९८चं कोकण रेल्वेचं तिकीट रत्नागिरीसाठी योग्य. टिळकांचं १९५६चं तिकीट इथे उपयोगी नाही, कारण आण्यातली तिकिटं आता टपालाला चालत नाहीत.

डीलर्सच्या टेबलाशी दुपारनंतर जावं, तोवर डोळे तयार झालेले असतात. परदेशी तिकिटांची स्वस्त, झगमगीत पाकिटं टाळलेली बरी. शिक्का कोपऱ्यात अगदी नेटका पाव वर्तुळाचा आणि पाठीवर डिंक शाबूत, म्हणजे ते तिकीट टपालातून गेलेलंच नाही. विक्रीसाठीच छापून शिक्का मारलेलं आहे. गांधीजींचं १९४८चं दहा रुपयांचं तिकीट कोणी दाखवलं तर आधी पट्टी लावा. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉइझिए छापखान्यातल्या या तिकिटाची दात्यांची मोजणी साडेअकरा, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये तेवढे दाते. मोजणी जुळली नाही तर पुढे बोलूच नका. ‘सर्व्हिस’ असं, म्हणजे सरकारी वापराची खूण म्हणून, वर छापलेलं गांधी तिकीट तर तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये. त्या एका शब्दाने किंमत कितीतरी पटींनी वाढते, म्हणून बनावट छपाई होते.

कोकणात कुठलंही तिकीट घेण्याआधी ते चिमट्याने उलटं करा. दात्यांच्या टोकांना तपकिरी ठिपके असतील तर ती बुरशी आहे, आणि ती शेजारच्या तिकिटावरही पसरते. डिंकावर चकचकीत चट्टा असेल तर ते कधीतरी ओलाव्याने कागदाला चिकटून सोडवलेलं आहे.

मुलं सहावी ते नववीत असतील तर काउंटरवर दीनदयाळ स्पर्श योजनेची चौकशी करूनच निघा: वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब लागतो, किंवा मुलाच्या नावाने फिलाटेली ठेव खातं, म्हणजे पैसे जमा ठेवून नवी तिकिटं मागवायचं खातं. ते दोनशे रुपयांत उघडतं.

घरी पोचल्यावर आल्बम उभे ठेवा, एकावर एक रचू नका. वजनाने डिंक चिकटतो. पीव्हीसीची पाकिटं काढून पॉलिप्रोपिलीनची घाला. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि निळे खडे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आल्बम उघडायचाच असेल तर पाऊस थांबलेल्या कोरड्या दुपारी, पंखा लावून.